हँडी घेऊन अंतराळात : डब्ल्यू५एलएफएल

१५ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, हंट्सव्हिलमधल्या आपल्या घरी ओवेन गॅरिअट वारले. वय ८८. वर्तमानपत्रांनी त्यांची ओळख स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकाचे अंतराळवीर अशी करून दिली, आणि ती बरोबरच होती. १९७३ मध्ये या माणसाने पृथ्वीभोवती ५९ दिवस काढले होते आणि तो त्या वेळचा विक्रम होता. हॅम मंडळींमध्ये, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांमध्ये, मात्र बातमी फिरली ती कॉलसाइनने, परवान्यासोबत मिळणाऱ्या रेडिओवरच्या नावाने. डब्ल्यू५एलएफएल, साइलेंट की. परवानाधारक हॅम गेला की जगभर हेच दोन शब्द लिहितात.

हॅमना ते ५९ दिवस फारसे आठवत नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते दहा वर्षांनंतरच्या दुसऱ्या फेरीतले, ड्युटी संपल्यावर खिडकीशी काढलेले मोजके तास. हे प्रकरण तेवढ्या तासांचं आहे. जिथे वजनाचा, विजेचा आणि मिनिटामिनिटाचा हिशेब लागतो अशा सरकारी यानात एक खासगी छंद शिरला कसा, शिरल्यावर ते स्टेशन चाललं कसं, आणि नंतर त्याचं काय झालं?

एनिड हे ओक्लाहोमातलं गाव. गॅरिअट तिथेच २२ नोव्हेंबर १९३० रोजी जन्मले. शाळकरी वयात वडील आणि मुलगा दोघांनी मिळून मोर्स लिपीचा आणि रेडिओचा वर्ग लावला, दोघं परीक्षेला बसले, दोघांना परवाना मिळाला. बापलेकाने एकत्र शिकावं असे छंद थोडे असतात. हॅम रेडिओत हे अजूनही घडतं, कारण परीक्षेपुढे वयाला किंमत नसते आणि मुलगा मोर्समध्ये बापाच्या पुढे निघून जायला वेळ लागत नाही. कॉलसाइनमधला ५ हा ओक्लाहोमा ज्या विभागात येतो त्याचा आकडा.

पुढचं शिक्षणही याच वाटेने झालं. ओक्लाहोमा विद्यापीठातून १९५३ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, मग नौदलात इलेक्ट्रॉनिक्स अधिकारी म्हणून तीन वर्षं, मग स्टॅनफर्ड, आणि १९६० मध्ये पीएचडी. विषय आयनांबर. शॉर्टवेव्ह लहरी परत जमिनीकडे वळवणारा हाच तो वातावरणाचा थर. लंडनचं स्टेशन रात्री मुंबईत लागतं ते त्याच्याच जिवावर. त्या सुमारास सोव्हिएत उपग्रह स्पुटनिक ३ डोक्यावरून २०.००५ मेगाहर्ट्झवर सिग्नल सोडत फिरत होता. तो सिग्नल आयनांबरातून खाली येताना कसा पिळला जातो हे मोजून त्या थरात इलेक्ट्रॉन किती आहेत याचं गणित गॅरिअट मांडत होते. लोक स्पुटनिककडे शीतयुद्ध म्हणून बघत होते आणि हा गडी त्याला फुकटात मिळालेला ट्रान्समीटर म्हणून वापरत होता. ही खास हॅमची खोड. हेन्री रिशबेथ यांच्याबरोबर त्यांनी १९६९ मध्ये लिहिलेलं आयनांबरावरचं पुस्तक विद्यापीठांत बरीच वर्षं शिकवलं गेलं.

१९६५ मध्ये नासाने प्रथमच वैमानिकांच्या जोडीला शास्त्रज्ञ निवडले. सहा जण होते, त्यांत गॅरिअट. चंद्रावर जायची पाळी आली नाही, स्कायलॅब मिळालं.

स्कायलॅबवर हॅम स्टेशन न्यायचं हा प्रस्ताव तेव्हाच पुढे आला होता. हौशी उपग्रह बांधणारी ॲमसॅट ही संस्था त्यामागे होती आणि गॅरिअटही तयार होते. नासाने नकार दिला. यानाची आखणी होऊन गेल्यावर नवं उपकरण, त्याची वायर, त्याचा बाहेरचा अँटेना आणि त्याची सुरक्षा तपासणी हे सगळं नव्याने अंगावर घ्यायला कोणी तयार होणं कठीणच होतं. प्रस्ताव बारगळला आणि गॅरिअट १९७३ च्या जुलैमध्ये रेडिओशिवाय वर गेले.

रेडिओ नेता आला नाही तरी रेडिओवाल्याचा स्वभाव जात नाही. त्या फेरीतली एक खोडी प्रसिद्ध आहे. निघण्यापूर्वी त्यांनी पत्नी हेलन यांच्या आवाजात काही वाक्यं छोट्या टेप रेकॉर्डरवर घेऊन ठेवली होती. एके दिवशी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाला स्कायलॅबवरून बाईचा आवाज आला. पोरांना किती दिवसांत घरचं जेवण मिळालं नव्हतं, म्हणून मीच घेऊन आले, असं ती सांगत होती. खाली माइकवर रॉबर्ट क्रिपन होते. ते कटात सामील असल्यामुळे योग्य जागी योग्य उत्तरं देत गेले आणि मध्ये सोडलेल्या रिकाम्या जागा बरोबर भरल्या गेल्या. खोलीतल्या बाकीच्यांना काही कळेना. हे कसं केलं ते पुढे कित्येक वर्षं गुलदस्त्यात राहिलं. मला यात गंमतीपेक्षा टायमिंगचं कौतुक वाटतं. समोरचा किती वेळ बोलेल, आपण कुठे थांबायचं, हे आधीच ठरवून टेप भरायची म्हणजे संभाषणाची लय अंगात भिनलेली पाहिजे.

आता मुख्य प्रसंग. कोलंबिया हे शटल २८ नोव्हेंबर १९८३ रोजी केनेडी अंतराळ केंद्रावरून निघालं आणि ८ डिसेंबरला कॅलिफोर्नियात एडवर्ड्स तळावर उतरलं. मोहिमेचं नाव एसटीएस-९. मालवाहू कप्प्यात युरोपने बांधलेली स्पेसलॅब ही प्रयोगशाळा, सत्तरहून अधिक प्रयोग आणि सहा माणसं. एकाच यानातून सहा जण जाण्याची ती पहिलीच वेळ. कमांडर जॉन यंग. काम चोवीस तास चालणार म्हणून तीन-तीन जणांच्या दोन पाळ्या, बारा-बारा तासांच्या. गॅरिअट यांची पाळी संपली की झोप, जेवण आणि जे काही सुटतं ते त्यांचं.

त्या सुटलेल्या वेळात हॅम रेडिओ चालवायची परवानगी या वेळी मिळाली. अर्ज अमेरिकेतली हॅमची राष्ट्रीय संघटना एआरआरएल आणि ॲमसॅट या दोघींचा होता, आणि उपकरणं जुळवण्यात ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांच्या हॅम क्लबचा मोठा हात होता. डब्ल्यू५आरआरआर हे त्या क्लबचं कॉलसाइन.

दहा वर्षांपूर्वी नाही म्हणणारं खातं आता हो का म्हणालं? दोन प्रस्ताव शेजारी ठेवले की माझ्या मते उत्तर दिसतं. दुसऱ्या वेळची मागणीच लहान होती. मोटोरोलाचा हातात मावणारा एफएम संच, म्हणजे आपण ज्याला हँडी म्हणतो तोच, थोडे बदल करून. ताकद पाच वॉटच्या आसपास. वीज स्वतःच्या बॅटरीची, शटलची नाही. अँटेना बाहेर नाही, भोक पाडणं नाही. वरच्या डेकच्या छतातल्या खिडकीच्या काचेला आतून बसवायचा आणि काम झालं की काढून ठेवायचा. प्रयोगांच्या वेळापत्रकातलं एक मिनिटही मागितलेलं नाही. अशा अर्जावर नाही म्हणायला अधिकाऱ्याला कारण शोधावं लागतं. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर स्वतः हॅम होते, याचाही उपयोग झाला असेल, नसेल. पण वशिल्याने सही मिळते, सुरक्षा तपासणी पार होत नाही. ती पार झाली सामान लहान होतं म्हणून.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरायला हवी. हॅमचे स्वतःचे उपग्रह १२ डिसेंबर १९६१ पासून फिरत होते, ऑस्कर १ पासून. म्हणजे अंतराळातून हॅम सिग्नल येणं १९८३ मध्ये नवं नव्हतं. वरून माणूस उत्तर देतो आहे, तुमचं कॉलसाइन घेऊन, हे नवं होतं.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा थांबतो.

शटल सुमारे २५० किलोमीटर उंचीवर होतं. त्या उंचीवरून क्षितिज साधारण १,७५० किलोमीटरवर पडतं. शटल नागपूरवर असेल तर श्रीनगर, तिरुवनंतपुरम, कराची आणि कोलकाता या सगळ्या ठिकाणचे हॅम एकाच वेळी त्याच्या नजरेत. टू मीटर बँडच्या, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झपासून वरच्या हॅमच्या पट्ट्यातल्या, लहरी सरळ रेषेत जातात. पुण्यातून हँडीवर पाच वॉटने साताऱ्याला बोलणं डोंगर आडवे आले तर जमत नाही, पण वर उघडं आकाश असलं की तेच पाच वॉट हजार किलोमीटर सहज जातात. त्यामुळे ताकद कमी पडेल ही भीती कोणालाच नव्हती.

भीती गर्दीची होती. यान सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने जातं, त्यामुळे एका जागेवरून ते फार तर आठ मिनिटं दिसतं, आणि तेवढ्यात हजारो लोक एकाच कानात बोलणार. त्यात एफएमचा एक गुण इथे अडचणीचा ठरतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले की जोरदार असलेला दुसऱ्याला गिळतो. दोन्ही सारखे असले तर नुसती शिट्टी ऐकू येते आणि कोणीच लागत नाही.

म्हणून व्यवस्था अशी केली होती. गॅरिअट बोलणार १४५.५५ मेगाहर्ट्झवर. अमेरिकेत हा बँड १४८ पर्यंत आहे, पण युरोपात आणि आपल्याकडे तो १४६ ला संपतो, त्यामुळे जगात सगळ्यांना कायदेशीररीत्या चालेल असा आकडा १४६ च्या खालचाच हवा होता. खालून बोलावणाऱ्यांसाठी मात्र वेगळ्या, एकीपेक्षा जास्त फ्रिक्वेन्सी. एक मिनिट ते बोलणार, पुढचं मिनिट नुसतं ऐकणार, ऐकताना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर फिरणार आणि जितकी कॉलसाइन कानावर पडतील तितकी पुढच्या मिनिटात वाचून दाखवणार. सोबत टेप रेकॉर्डर होता. वही-पेन घेऊन लॉग लिहीत बसायला सवड नव्हती, शिवाय टेपवरचं खाली आल्यावर सावकाश ऐकता येतं.

डॉप्लरचंही, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकण्याचंही, गणित बघून घेऊ. १४५.५५ मेगाहर्ट्झ आणि हा वेग म्हणजे यान येताना सिग्नल साधारण साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकतो आणि जाताना तेवढाच खाली. एसएसबी या अरुंद पट्ट्यात आवाज पाठवायच्या पद्धतीवर एवढ्याने आवाज बदकासारखा होतो आणि सतत बटण फिरवावं लागतं. एफएमचा कानच रुंद असल्यामुळे साध्या संचावरही चालून जातं. हातातला साधा एफएम संच निवडणं ही काटकसर नव्हतीच. शेजारच्या शाळकरी पोराच्या स्कॅनरवरही आवाज यावा, तर हाच मार्ग होता.

मोहिमेच्या कक्षेचा कल ५७ अंशांचा होता, तो स्पेसलॅबच्या प्रयोगांसाठी ठरला होता. हॅमचा त्यात आयता फायदा झाला. ५७ अंश उत्तर ते ५७ अंश दक्षिण म्हणजे माणसांची बहुतेक वस्ती आलीच. एरवी केनेडीवरून सुटणारी शटलं २८ अंशांच्या आसपास फिरत. तसं असतं तर युरोपचा बराचसा भाग कोरडा राहिला असता.

पहिला संपर्क मोंटाना राज्यातल्या फ्रेंचटाउन या गावच्या एका हॅमशी झाला. सिग्नल फार जोरदार नव्हता, आणि गॅरिअट यांनी ते तिथल्या तिथे सांगितलंही: यानाची बाजू अजून नीट नाही, पण कक्षेतून आमचा पहिला संपर्क तुमच्याशी. यात त्या स्टेशनची खरी मर्यादा आली. अँटेना काचेला चिकटलेला, आणि खिडकी पृथ्वीकडे आहे की ताऱ्यांकडे हे प्रयोगांच्या गरजेप्रमाणे ठरणार. अँटेना फिरवायचा म्हणजे अख्खं शटल फिरवायचं. हॅमच्या घरी छतावरचा अँटेना फिरवायला रोटर असतो. इथे रोटर कमांडर यंग यांच्या हातात होता आणि तो हॅमसाठी फिरणार नव्हता.

दहा दिवसांतल्या त्या तुकड्या-तुकड्यांच्या वेळात सुमारे २५० स्टेशनांशी संपर्क झाला. एनिडमध्ये आईशी बोलणं झालं. जॉर्डनचे राजे हुसेन यांच्याशी झालं. त्यांचं कॉलसाइन जेवाय१, आणि ते रेडिओवर राजेशाही थाट न मिरवता बोलतात अशी हॅममध्ये ख्याती होती. गोल्डवॉटर, के७यूजीए, तेही लागले. मोठ्या पदावरच्या माणसांनी हॅम असणं त्या पिढीत अप्रूपाचं नव्हतं, आपल्याकडे राजीव गांधी होतेच, व्हीयू२आरजी. बाकीचे बहुतेक साधे लोक होते, घरातल्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, घड्याळ लावून बसलेले.

२५० हा आकडा मोठा की छोटा? एखादा कसलेला हॅम कॉन्टेस्टच्या, म्हणजे जास्तीत जास्त संपर्क करायच्या स्पर्धेच्या, शनिवारी-रविवारी याच्या कितीतरी पट संपर्क करतो. तेव्हाही कुरबूर झालीच असणार, कारण लागलेल्यांपेक्षा न लागलेले कैक पटींनी जास्त होते. ताकदवान संच आणि मोठे अँटेना असलेल्यांचा आवाज एफएमच्या नियमाने वर पोचायचा आणि दहा वॉटवाला गिळला जायचा. ही तक्रार मला रास्त वाटते. पण अशा स्टेशनाचं यश संपर्कांच्या संख्येवर मोजायचं नसतं, ऐकणाऱ्यांवर मोजायचं असतं. ऐकायला जागा लागत नाही, एकजण ऐकतो म्हणून दुसऱ्याचं अडत नाही. नुसतं ऐकून रिपोर्ट पाठवणाऱ्यांनाही क्यूएसएल कार्ड, म्हणजे संपर्काची पोच देणारं पोस्टकार्ड, देण्याची सोय होती, हा मला सगळ्या आखणीतला शहाणा निर्णय वाटतो.

हे सगळं शोभेचं होतं असं म्हणणाराही एक वर्ग आहे. नासाला प्रसिद्धी हवी होती, हॅमना बिल्ला हवा होता, विज्ञान शून्य. विज्ञान शून्य हे खरंच आहे; ते सत्तर प्रयोग वेगळे होते आणि गॅरिअट यांनी त्यातला वेळ चोरला नाही. शोभेच्या आरोपाला उत्तर पुढच्या दोन वर्षांत मिळालं. १९८५ च्या उन्हाळ्यात चॅलेंजरवरून टोनी इंग्लंड, डब्ल्यू०ओआरई, हॅम स्टेशन घेऊन गेले. आवाजाच्या जोडीला चित्रंही पाठवायची सोय त्यांच्याकडे होती, स्लो स्कॅन टीव्हीची. मग हळूहळू शटलवर शाळांशी ठरवून बोलायची पद्धत पडली. मीर स्थानकावर सोव्हिएत अंतराळवीरांनी १९८८ मध्ये हॅम सुरू केलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर तर पहिल्याच तुकडीने २००० साल संपायच्या आत अमेरिकेतल्या एका शाळेतल्या मुलांशी गप्पा मारल्या. तेव्हापासून हे शाळांचं काम एआरआयएसएस या नावाने अखंड चालू आहे. एकदा शिरलेली हँडी बाहेर निघाली नाही.

आपल्या बाजूने त्यातले दोन दुवे सांगण्यासारखे. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ बरोबर इस्रोने हॅमसॅट सोडला, फक्त हॅमसाठी बांधलेला उपग्रह. तो २०१४ पर्यंत चालला आणि सध्याच्या हॅमपैकी बऱ्याच जणांचा उपग्रहावरचा पहिला संपर्क त्याच्यावरून झालेला आहे. आणि जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावरून बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरून संवाद साधला. प्रश्न, उत्तर, ओव्हर, पुन्हा प्रश्न, आणि यान क्षितिजाखाली गेलं की संपलं.

गॅरिअट १९८६ मध्ये नासातून बाहेर पडले. नंतर हंट्सव्हिलमध्ये एका अभियांत्रिकी कंपनीत काम, अंटार्क्टिकात उल्का शोधायला जाणं, अतिउष्ण ठिकाणी जगणारे सूक्ष्मजीव गोळा करणं, असं बरंच काही. रेडिओच्या बाबतीत सांगायचं ते २००८ चं. त्यांचा मुलगा रिचर्ड, व्हिडिओ गेम बनवून पैसा केलेला, डोळे कमजोर म्हणून नासाच्या वाटेला जाऊ न शकलेला, स्वतःच्या खर्चाने सोयूझमधून स्थानकावर गेला. कॉलसाइन डब्ल्यू५केडब्ल्यूक्यू. वडील ७७ वर्षांचे, उड्डाणाला बैकोनूरला हजर. पंचवीस वर्षांपूर्वी बापाने खिडकीशी जे केलं ते मुलाने वर गेल्यावर मनसोक्त केलं. आवाजही आणि चित्रंही. परतीच्या कुपीत त्याच्या शेजारी सर्गेई व्होल्कोव होते, तेही अंतराळवीराचेच चिरंजीव.

ज्यांना हे ऐकायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. स्थानकावरून बोलणं येतं १४५.८०० मेगाहर्ट्झवर, एफएममध्ये. वर बोलायची फ्रिक्वेन्सी वेगळी, आपल्या विभागासाठी १४४.४९०. गॅरिअट यांच्या वेळची ऐकण्या-बोलण्याची फारकत अजून तशीच आहे. बोलायला परवाना लागतो. वय १२ पूर्ण असलं की परीक्षा देता येते. फ्रिक्वेन्सीच्या पायऱ्या पाच किलोहर्ट्झच्या असतील तर स्थानक उगवताना १४५.८०५, डोक्यावर असताना १४५.८००, मावळताना १४५.७९५ अशा तीन मेमरी भरून ठेवा. अँटेना खिडकीत नको, गच्चीवर न्या, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या पासला, म्हणजे डोक्यावरच्या फेरीला, दोन मिनिटं आधीच स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारं बटण, उघडा.